यादीत नाव दिलेत, आता मतपत्रिकाही द्यावी

प्रति,
मा. मुख्य निवडणूक आयुक्त व मा. निवडणूक आयुक्त, भारत निवडणूक आयोग, नवी दिल्ली
आणि
मा. केंद्रीय विधी व न्याय मंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : परदेशस्थ मतदारांना टपाली मतदानाची सोय मिळण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

मी चिपळूण तालुक्यातला मतदार आहे आणि गेली चौदा वर्षे मस्कतमध्ये एका बांधकाम कंपनीत हिशेबनीस म्हणून नोकरी करतो. माझ्याकडे एकच पासपोर्ट आहे, तो भारताचा आहे आणि त्यावर पत्ता माझ्या गावचा आहे. ओमानमध्ये मी आणखी वीस वर्षे काढली तरी माझा इथला मुक्काम व्हिसाच्या शिक्क्यावरच चालणार, आणि तो शिक्का संपला की मला सामान बांधून घरीच यायचे आहे. साऱ्या जगात मला मत देता येईल अशी एकच जागा आहे, ती म्हणजे आमच्या वाडीपासून चालत दहा मिनिटांवर असलेली जिल्हा परिषदेची शाळा. आजच्या नियमांप्रमाणे तिथे पोहोचायला मला विमानाचे तिकीट काढावे लागते, आणि त्याविषयीच मला आपल्यापुढे काही मांडायचे आहे.

सुरुवातीला एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण या विषयावरच्या चर्चेत ती नेहमी विसरली जाते. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेल्यांसाठी किंवा ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) बाळगणाऱ्यांसाठी मी लिहीत नाही. ते भारताचे नागरिक राहिलेले नाहीत आणि मतदानाचा प्रश्न त्यांच्याबाबतीत उद्भवतच नाही. ज्यांनी भारताचे नागरिकत्व कधी सोडले नाही आणि ज्यांची नावे आयोगाने स्वतःच मतदार यादीत घेतली आहेत, अशा माणसांसाठी हे पत्र आहे.

हा हक्क आम्हाला आता नव्याने मिळवायचा नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० मध्ये २०१० साली दुरुस्ती झाली, कलम २०अ आले आणि फेब्रुवारी २०११ पासून ते लागू झाले. त्याच वर्षी मी मस्कतला आलो. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाचे नाव पासपोर्टवरील पत्त्याच्या मतदारसंघात नोंदवले जावे आणि त्याला तिथे मतदान करू द्यावे, असे हे कलम सांगते. त्यासाठी नमुना ६अ भरायचा असतो. मी तो २०१८ साली भरला. गावात पडताळणीला आमच्या बीएलओ बाई (केंद्राची मतदार यादी सांभाळणाऱ्या अधिकारी) आल्या, तेव्हा आईने रेशनकार्डाच्या पिशवीतून माझ्या पासपोर्टची झेरॉक्स काढून त्यांच्यापुढे ठेवली. बाईंनी ओटीवर बसून ती ओळ न ओळ वाचली आणि वडिलांना विचारले, "मुलगा इथे राहत नाही ना?" वडील म्हणाले, "ऱ्हात नाय, पण हाय इथलाच." कलम २०अ चा अर्थ मला तरी याहून नेमका कुणी सांगितलेला नाही.

नाव लागले. माझे जुने मतदार ओळखपत्र मी नियमाप्रमाणे परत केले. आमच्याकडची कित्येक माणसे ते करत नाहीत, नाव साध्या यादीतच राहू देतात आणि सुट्टीत निवडणूक आली तर मत देऊन येतात. मी त्यांना दोष देत नाही, पण मला जे खरे आहे तेच कागदावर हवे होते. २३ एप्रिल २०१९ रोजी रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात लोकसभेचे मतदान होते. मी चार दिवसांची रजा टाकली, रात्रीच्या विमानाने मुंबईला उतरलो आणि तिथून कोकण रेल्वेने चिपळूण गाठले. मतदान केंद्रावरच्या अधिकाऱ्याने ओळखपत्र मागितले. मी पासपोर्ट पुढे केला आणि परदेशस्थ मतदार आहे असे सांगितले. त्यांच्यापुढे असा मतदार पहिल्यांदाच आला असावा. त्यांनी यादी उलटसुलट चाळली आणि शेवटच्या पानावर वेगळ्या मथळ्याखाली दोन नावे सापडली. एक माझे आणि दुसरे कुवेतला असलेल्या माझ्या चुलतभावाचे. तो येऊ शकला नव्हता. मी सही केली, बोटाला शाई लागली, बटण दाबले. सारे मिळून दोन मिनिटांचे काम होते. त्या दोन मिनिटांसाठी माझी दोन महिन्यांची शिल्लक खर्ची पडली, आणि तरीही परतीच्या गाडीत मी सारखा त्या बोटाकडे पाहत होतो.

२०२४ मध्ये मला हे जमले नाही. ७ मे रोजी, मंगळवारी, आमच्याकडे मतदान झाले. वडिलांनी व्हिडिओ कॉलवर शाईचे बोट कॅमेऱ्यासमोर धरले, तेव्हा मी कंपनीच्या कार्यालयात मजुरांच्या पगाराची पत्रके तयार करत होतो. २० नोव्हेंबरच्या विधानसभेलाही तेच घडले. एका वर्षात दोनदा रजा आणि दोनदा तिकीट हे माझ्यासारख्याला परवडत नाही, आणि माझ्याहून कमी पगाराच्या माणसाच्या तर ते मनातही येत नाही.

हे माझ्या एकट्याचे गाऱ्हाणे नाही हे आयोगाचेच आकडे दाखवतात. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत देशभरात सुमारे एक लाख परदेशस्थ मतदार नोंदलेले होते आणि त्यांपैकी २५ हजारांच्या थोडे वर लोकांनी मतदान केले. त्यांतले जवळजवळ सगळे केरळचे होते. २०२४ मध्ये नोंदणी वाढून १,१९,३७४ झाली आणि मतदान करणारे उरले २,९५८. त्यांतही २,६७० केरळचे. महाराष्ट्रात पाच हजारांच्या आसपास नावे होती आणि मतदान करणारे वीसही नव्हते. परदेशात राहणारे भारतीय नागरिक एक कोटीच्या कितीतरी वर आहेत. त्यांतल्या सव्वा लाखाहून कमी लोकांनी नाव नोंदवावे, आणि नोंदवलेल्यांतले शंभरात तीनही केंद्रावर पोहोचू नयेत, याचे कारण आमची उदासीनता आहे असे कुणी म्हणाले तर ते मला मान्य नाही. नमुना ६अ भरणाऱ्या माणसाला मत द्यायचे असते म्हणूनच तो ते कागद गोळा करतो. मत द्यायला प्रत्यक्ष केंद्रावरच यावे लागेल, ही एकच अट त्याला अडवते.

केरळचा आकडा इतका पुढे का, हेही पाहावे. तिथल्या संघटना निवडणुकीच्या सुमारास आखाती देशांतून मतदारांसाठी खास विमाने करतात. त्यांची तळमळ मी समजू शकतो. पण उमेदवाराने मतदाराला फुकट वाहनाने केंद्रावर नेणे आपल्याच कायद्यात भ्रष्ट आचार मानले जाते, आणि त्याच देशात समुद्रापलीकडच्या मतदारापुढे कुणीतरी विमान करून देण्याखेरीज मार्ग उरत नसेल, तर त्या मताला पैशाचे आणि संघटनेचे पाठबळ लागणारच. टपाली मतपत्रिकेने पैशाचा शिरकाव होईल अशी भीती ज्यांना वाटते, त्यांनी आजच्या पद्धतीत पैशाला किती वाव आहे तेही तपासावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आम्हाला हवी असलेली पद्धत आयोगाकडे तयार आहे. सैन्यदलांतले जवान आणि परदेशातल्या भारतीय कचेऱ्यांत नेमलेले सरकारी कर्मचारी यांच्यासाठी २०१६ साली निवडणूक नियमांत दुरुस्ती करून इलेक्ट्रॉनिक पद्धतीने टपाली मतपत्रिका पाठवण्याची सोय केली गेली. त्याच वर्षी पुद्दुचेरीतल्या नेल्लितोप पोटनिवडणुकीत ती पहिल्यांदा वापरली गेली. निवडणूक निर्णय अधिकारी मतपत्रिका संगणकावरून पाठवतो. मतदार ती पिन टाकून उघडतो, छापतो, खूण करतो, घोषणापत्रावर सही करून ते साक्षांकित करून घेतो आणि लिफाफ्यात घालून टपालाने परत पाठवतो. मोजणीच्या वेळी लिफाफ्यांवरचे क्यूआर कोड तपासले जातात, म्हणजे एकाच मतपत्रिकेच्या दोन प्रती चालत नाहीत. मत इंटरनेटवरून जात नाही, जाते ती फक्त कोरी मतपत्रिका. म्हणून मशीन आणि हॅकिंग यांविषयीचे वाद इथे लागू पडत नाहीत. २०१९ मध्ये या पद्धतीखाली सुमारे १८ लाख मतदार होते आणि त्यांतल्या साठ टक्क्यांकडून मते परत आली. सियाचीनच्या ठाण्यापासून दूरदेशीच्या वकिलातीपर्यंत जी पद्धत चालते ती मस्कत, दोहा, रियाध किंवा सिंगापूरला चालणार नाही, असे मानायला मला तरी कारण दिसत नाही.

पासपोर्टच्या नूतनीकरणासाठी मी आपल्या इथल्या दूतावासाच्या आवारात गेलो होतो. रांगेत माझ्या पुढे तळकोकणातले एक वेल्डर होते आणि मागे हैदराबादच्या एक परिचारिका. काचेपलीकडे बसलेल्या कर्मचाऱ्याला, आणि तो इथे नोकरीला आहे म्हणून त्याच्या सोबत राहणाऱ्या पत्नीलाही, त्यांच्या गावच्या निवडणुकीत इथूनच मत देता येते. त्यांना ते मिळाले याचा मला आनंदच आहे. माझे म्हणणे इतकेच की काचेच्या अलीकडे उभ्या असलेल्या आम्हा तिघांच्या हातातही भारताचाच पासपोर्ट होता.

आणि हे आयोगाला पटलेले आहे. सर्वोच्च न्यायालयात याचिका आल्यानंतर २०१४ साली आयोगाचे उपनिवडणूक आयुक्त विनोद झुत्शी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सगळे पर्याय तपासले. दूतावासात मतदान केंद्र, प्रतिनिधीमार्फत मतदान, टपाली मतपत्रिका, हे सारे त्या समितीपुढे होते. २०१५ च्या सुरुवातीला केंद्र सरकारने शिफारशी मान्य असल्याचे न्यायालयाला सांगितले. २०१७ च्या डिसेंबरात विधेयक आले, ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेने ते मंजूर केले आणि राज्यसभेत मंजूर न होता २०१९ ला लोकसभेच्या मुदतीबरोबर ते संपले. नोव्हेंबर २०२० मध्ये आयोगाने स्वतः विधी मंत्रालयाला कळवले की परदेशस्थ मतदारांना ही सोय देण्यास आपण तांत्रिक आणि प्रशासकीय दृष्ट्या तयार आहोत. पुढच्या वर्षी केरळ, तमिळनाडू, आसाम, पश्चिम बंगाल आणि पुद्दुचेरीच्या निवडणुका होत्या. त्या झाल्या. त्यानंतरच्याही झाल्या. आम्ही वाट पाहत राहिलो.

२०१७ चे विधेयक प्रामुख्याने प्रतिनिधीमार्फत मतदानासाठी होते, म्हणजे माझ्या वतीने गावातल्या कुणीतरी जाऊन मत द्यायचे. सैन्यदलांतल्या मतदारांना ही मुभा २००३ पासून आहे. या मार्गाला माझा स्पष्ट विरोध आहे आणि तो इथे नोंदवून ठेवतो. माझ्या वडिलांवर माझा पूर्ण विश्वास आहे, पण माझे मत कुणाला आहे हे मी वडिलांनाही सांगणे लागत नाही. गुप्त मतदानाचा अर्थच तो आहे. ज्या घरात सून परदेशात परिचारिका आहे आणि सासरा गावचा पुढारी आहे, त्या घरात प्रतिनिधीने टाकलेले मत कुणाचे असेल हे सांगायला नको. विधेयक संपले याचे मला दुःख झाले नाही. दुःख याचे झाले की त्या विधेयकाबरोबर टपाली मतपत्रिकाही बाजूला ठेवली गेली, वास्तविक तिला विधेयकाची गरज नव्हती. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम ६० प्रमाणे आयोग सरकारशी विचारविनिमय करून मतदारांचा एखादा वर्ग टपाली मतदानासाठी अधिसूचित करू शकतो. २०१९ च्या ऑक्टोबरात नियम बदलून ८० वर्षांवरचे नागरिक आणि दिव्यांग मतदार यांना घरून मतदान करू दिले गेले, २०२० मध्ये करोनाच्या रुग्णांना, आणि मार्च २०२४ मध्ये वयाची मर्यादा ८५ केली गेली. या सगळ्याला नियमांतली दुरुस्ती पुरली. आमच्यासाठीही ती पुरेल.

शंका घेणाऱ्यांचे एक म्हणणे मात्र मला गंभीर वाटते आणि त्यावर थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण ते मी रोज जवळून पाहतो. मजुरांच्या वसाहतीत एका खोलीत सहा-आठ माणसे राहतात. छपाईचे यंत्र असते ते साइटच्या कार्यालयात, म्हणजे मालकाच्या ताब्यात. अनेकांचे पासपोर्टसुद्धा मुकादमाच्या कपाटात असतात, मग कायदा काहीही म्हणो. अशा ठिकाणी मतपत्रिका छापून खूण कुठे करायची? खोलीतल्या दहा डोळ्यांसमोर? मुकादमाने सगळ्या मतपत्रिका एकगठ्ठा मागितल्या तर नाही कोण म्हणणार? ही भीती खरी आहे. शिवाय इथे टपाल घरपोच येत नाही, पत्राची पेटी असते ती कंपनीची. मोजणीच्या दिवशी सकाळी आठच्या आत लिफाफा रत्नागिरीला पोहोचला नाही तर ते मत वाया जाणार. २०२४ च्या विधानसभेला उमेदवारी मागे घेण्याची मुदत ४ नोव्हेंबरला संपली आणि मोजणी २३ तारखेला झाली. मतपत्रिका तयार होणे, इथे येणे आणि परत पोहोचणे यांसाठी एकोणीस दिवससुद्धा हातात नव्हते.

म्हणून माझी सूचना अशी आहे की मतपत्रिका येवो संगणकावरून, पण ती छापून घेणे, खूण करणे, घोषणापत्र साक्षांकित करणे आणि लिफाफा पेटीत टाकणे हे सगळे दूतावासात किंवा दूतावासाच्या शिबिरात व्हावे. पासपोर्टच्या कामासाठी दूतावास दूरच्या गावांत शिबिरे घेतो. सलाला मस्कतपासून हजार किलोमीटरवर आहे, तिथल्या मजुराला राजधानीत यायला सांगणे म्हणजे पुन्हा विमानाचे तिकीट मागण्यासारखेच होईल. तिथे दोन सुट्टीच्या दिवशी पडदा लावलेले एक टेबल, एक छपाई यंत्र, एक अधिकारी आणि एक बंद पेटी इतकी व्यवस्था पुरे. पेट्यांतले लिफाफे राजनैतिक टपालाच्या थैलीतून दिल्लीला जावेत आणि तिथून राज्यांकडे. पडद्यामागे त्या मजुराचा मुकादम येऊ शकणार नाही. पक्षांचे प्रतिनिधी तिथे हजर राहू इच्छित असतील तर त्यांनाही येऊ द्यावे, म्हणजे मोजणीच्या वेळी कुणाला संशय उरणार नाही. फिलिपिन्सने २००३ साली कायदा करून आपल्या परदेशातल्या कामगारांसाठी दूतावासांतून मतदान सुरू केले. आमच्याच कंपनीत फिलिपिनो सहकारी आहेत. निवडणुकीच्या महिन्यात ते दुपारच्या सुट्टीत जाऊन मत देऊन येत आणि संध्याकाळी कामावर हजर असत.

दुसरे म्हणणे असे असते की जे देशात राहत नाहीत त्यांनी देशाचा कारभार का ठरवावा. युरोप-अमेरिकेत स्थिरावलेल्यांविषयी हा प्रश्न विचारायला हरकत नाही, पण आखातातल्या माणसाला तो लागू करताना थोडा विचार करावा. आमची बायकामुले, आईवडील गावात आहेत. मुले ज्या शाळेत जातात तिचा शिक्षक, प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर, वाशिष्ठीचा पूर, रखडलेला मुंबई-गोवा महामार्ग हे सारे आमच्याच घरचे प्रश्न आहेत. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण बुडाले तेव्हा दोन दिवस घरचा फोन लागत नव्हता. त्या दोन दिवसांत मी भारताबाहेर होतो असे मला एका क्षणासाठीही वाटले नाही. इथल्या सरकारशी आमच्यासाठी काय करार व्हावेत, पगार थकला तर आमची बाजू कुणी घ्यावी, मृतदेह गावी पाठवायला किती दिवस लागावेत, हेही संसदेतच ठरते. मताची किंमत नसलेल्या माणसाचे प्रश्न संसदेत कोण विचारणार?

आम्ही पैसे पाठवतो हा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला आहे. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून येणाऱ्या रकमेतला सुमारे एक पंचमांश वाटा एकट्या महाराष्ट्रात आला, आणि तो राज्यांमध्ये सर्वांत मोठा होता. पण मताचा हक्क पैशाच्या जोरावर मागायचा नसतो. संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदाने तो वयावर आणि नागरिकत्वावर दिला आहे, आणि ज्या महिन्यात मी घरी एक रुपयाही पाठवू शकलो नाही त्या महिन्यातही तो माझाच होता.

जाता जाता व्यापारी जहाजांवरच्या खलाशांचाही विचार व्हावा. कोकणपट्टीतली आणि गोव्यातली किती मुले बोटीवर आहेत हे मी सांगायला नको. ती सैनिकांच्या यादीत बसत नाहीत, आणि आमच्यासारखी एका देशात मुक्कामालाही नसतात. त्यांच्यासाठी कप्तानासमोर साक्षांकन आणि पुढच्या बंदरातल्या भारतीय कचेरीत लिफाफा, असा काही मार्ग काढता येईल.

आपल्याला विनंती अशी की निवडणूक नियमांतल्या दुरुस्तीचा मसुदा आता प्रसिद्ध करावा, त्यावर पक्षांचे आणि आमचेही म्हणणे ऐकावे, आणि नेल्लितोपला केले तसे एखाद्या पोटनिवडणुकीत, एक-दोन दूतावासांपुरते का होईना, करून पाहावे. जे अडेल ते दिसेल आणि दुरुस्त करता येईल. २०२९ ची लोकसभा निवडणूक जाहीर झाल्यावर हे काम सुरू केले तर ते पुन्हा हुकेल, कारण जाहीर झाल्यापासून मोजणीपर्यंतचे दिवस कसे भराभर जातात हे आपल्याइतके कुणाला ठाऊक नसेल.

माझ्या पासपोर्टची नवी झेरॉक्स मी गेल्या सुट्टीत आईकडे देऊन आलो आहे. ती तिने त्याच रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहे. पडताळणीला कुणी आले तर वडील ओटीवर असतात.

कळावे,

आपला विश्वासू,
चिपळूण तालुक्यातील एक परदेशस्थ मतदार
मुक्काम मस्कत, ओमान